जॉनी कार्सनचे जुने भाग का मिळत नाहीत?

अमेरिकन टीव्हीवरचा सूत्रसंचालक जॉनी कार्सन याच्या 'द टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे १९६२ ते १९७२ मधले भाग शोधूनही सहसा मिळत नाहीत. कारण त्यातले बहुतेक भाग उरलेच नाहीत. तेव्हा रेकॉर्डिंग दोन इंच रुंदीच्या टेपवर व्हायचं. सेकंदाला १५ इंच या वेगाने तासाभराला सुमारे ४,५०० फूट टेप लागे, आणि कार्यक्रम तर किमान दीड तासाचा! टेप महाग, म्हणून कार्यक्रम दाखवणारी एनबीसी वाहिनी ती पुसून पुन्हा वापरायची. पुढे कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला, तिथून पुढचे भाग बरेच शाबूत आहेत. क्लिप कधीची ते ताडायचं तर पूर्ण भागाची लांबी बघा: १९८० च्या सप्टेंबरपासून तो एक तासाचा झाला.

सुदैवाने १९६५ मधला गायक-अभिनेता एड एम्सचा प्रसंग वाचलाय. त्याने फेकलेली कुऱ्हाड फळीवर काढलेल्या काऊबॉयच्या नको त्या जागी रुतते. एम्स ती काढायला निघतो, तर कार्सन त्याला धरून थांबवतो. हशा ओसरू देतो, मगच बोलतो. सूत्रसंचालकाने कधी गप्प राहावं, हे शिकायला यापेक्षा चांगली क्लिप नाही.