चिकटवहीत डकवलेली ओल्ड जज आणि ॲलन अँड गिंटरची बेसबॉल कार्डे: सोडवावीत का?

वहीवेडा:
नमस्कार. गेल्या महिन्यात एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत मी एक अमेरिकन चिकटवही घेतली. तिच्यात बहुतेक फुलांची चित्रे आणि शुभेच्छापत्रे आहेत, पण एका पानावर दोन बेसबॉल कार्डे शेजारीशेजारी डकवलेली आहेत. पहिले तपकिरी छायाचित्र आहे. त्यात एक खेळाडू दोन्ही हात वर करून चेंडू झेलण्याच्या पवित्र्यात उभा आहे आणि बारकाईने पाहिल्यास चेंडू ज्या दोरीला टांगला आहे ती दोरीही दिसते. त्याच्यावर ‘ओल्ड जज’ सिगारेटचे नाव आहे, खेळाडूचे नाव मात्र पुसट झाले आहे. दुसरे रंगीत कार्ड ॲलन अँड गिंटर या सिगारेट कंपनीचे असून ते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, टिम कीफचे आहे. दोन्ही कार्डे अस्सल आहेत हे कसे ओळखावे? ती पाण्यात भिजवून सोडवावीत आणि मग ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून तपासून दर्जाचा अंक मिळवायला, पाठवावीत, असा माझा विचार आहे.

भिंगवाला:
सर्वांत आधी, तपकिरी कार्डाला पाणी लावू नका. ते छापील चित्र नसून खरे छायाचित्र आहे. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 1887 ते 1890 या काळात 500 हून अधिक खेळाडूंची छायाचित्रे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर काढून, तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून सिगारेटच्या पाकिटात घातला. पाकिटे मऊ कागदाची असल्यामुळे आतल्या पुठ्ठ्याने त्यांना ताठपणा येई आणि जाहिरातही आपोआप होई. छायाचित्रे स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेली असत. तेव्हाच्या कॅमेऱ्याला उडता चेंडू टिपणे अवघड असल्यामुळे तो दोरीला टांगत. तुम्हाला दिसलेली दोरी ही या मालिकेची अगदी ओळखीची खूण आहे, आणि खरे सांगायचे तर मला या कार्डांचे वेड तिच्यामुळेच लागले.

परीक्षेसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. खऱ्या छायाचित्रात तपकिरी छटा एकमेकींत विरघळत जातात आणि कोठेही ठिपके दिसत नाहीत. ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती नंतरच्या काळातील छापील नक्कल समजावी. कीफच्या रंगीत कार्डावर ठिपके दिसणारच, कारण ते दगडी छपाईचे काम आहे आणि त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. मात्र ते ठिपके हाताने दिल्यासारखे लहानमोठे आणि विस्कळीत असतील. ते जाळीसारखे नेटके असतील, तर कार्ड आधुनिक यंत्रावर छापलेले आहे. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला तरीही संशय घ्यावा, कारण कागद उजळ दिसण्यासाठी घालायची रसायने विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वापरात आली. पुठ्ठा चमकला नाही, एवढ्यावरून मात्र कार्ड अस्सल ठरत नाही. नक्कल करणाऱ्यालाही जुना कागद मिळतो.

कातरकाम:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, आणि ही शहाणीव मला स्वतःच्या नुकसानीतून आली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक ओल्ड जज कार्ड कोमट पाण्यात ठेवले. खळ सुटेल अशी अपेक्षा होती; ती सुटलीही, पण वहीची नव्हे, कार्डाची. छायाचित्र दुधावरच्या सायीसारखे वर आले आणि पुठ्ठा तळाशी राहिला. रंगीत दगडी छपाईची कार्डे पाण्यात पुष्कळ टिकाव धरतात आणि अनेक संग्राहक ती अशी सोडवतात, हे खरे आहे. पण माझ्या मते तुमच्या बाबतीत तीही घाई ठरेल. कोरडे ओढून काढणे तर त्याहून वाईट, कारण मग पाठीची साल वहीला चिकटून राहते.

ग्रेडिंगविषयी एक इशारा देतो. मी एका विक्रेत्याकडून ओल्ड जज मालिकेतील एक कार्ड ‘धारदार कोपऱ्यांचे’ म्हणून घेतले होते. घरी आल्यावर मोजले तेव्हा ते प्रमाण मापाहून, म्हणजे सुमारे दीड बाय अडीच इंचांहून, लहान भरले. झिजलेल्या कडा कोणीतरी कातरल्या होत्या. अशा कार्डाला ग्रेडिंग कंपन्या अंकच देत नाहीत, फार तर अस्सल असल्याचा शेरा देतात. अमेरिकेतील रिचमंडच्या मेयो या तंबाखू कंपनीच्या 1895 च्या कार्डांवर याच्या उलट उद्योग चालतो: त्यांची काळी चौकट टवके उडून पांढरी पडते, आणि मग लोक ती काळ्या शाईने भरतात. तुमच्या कार्डांचे गोल झालेले कोपरे तसेच असू द्यावेत.

पुठ्ठाप्रेमी:
नावाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेंजामिन एडवर्ड्स यांनी जमवलेली 1887 ते 1914 या काळातील सुमारे 2,100 बेसबॉल कार्डे आहेत. कवी कार्ल सँडबर्ग यांनी ती 1954 मध्ये संस्थेला दिली, आणि आज ती संगणकावर मोठी करून पाहता येतात. तेथे चेहऱ्याबरोबर पडदा आणि हातांची ठेवणही जुळवून पाहावी, कारण गुडविनने एकाच खेळाडूची अनेक पवित्र्यांतील छायाचित्रे वापरली आहेत. शोधताना संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी केलेल्या कार्डांच्या यादीतील क्रमांक उपयोगी पडतील: ओल्ड जज म्हणजे एन 172 आणि कीफचे कार्ड 1887 च्या पन्नास विजेत्यांच्या संचातील असेल तर एन 28. त्या संचात बेसबॉलचे खेळाडू दहाच आहेत. बाकीचे मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी, बिलियर्ड्सपटू आणि नेमबाज, ज्यांत ॲनी ओकलीही आहे.

दुर्मिळता खेळाडूच्या कीर्तीवरून ठरवू नये. त्या काळचा नामवंत खेळाडू कॅप ॲन्सन याचे साध्या कपड्यांतील ओल्ड जज कार्ड अधूनमधून लिलावात येते, त्याच माणसाचे गणवेशातील कार्ड मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. 1890 मध्ये गुडविन आणि ॲलन अँड गिंटरसह पाच कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्या, स्पर्धा संपली आणि कार्डांवर खर्च करण्याचे कारणही फारसे उरले नाही. त्यामुळे हा सारा खजिना मुख्यतः तीन-चार वर्षांचाच आहे.

वहीवेडा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंगाखाली तपकिरी कार्डावर एकही ठिपका दिसला नाही, आणि कीफच्या गालांवरचे ठिपके गुलालाच्या शिंतोड्यांसारखे वेडेवाकडे आहेत. अतिनील दिव्याखाली दोन्ही कार्डे मंद राहिली. नावाचा शोध चालू आहे. छायाचित्रातील मागच्या पडद्यावरून दोन उमेदवार उरले आहेत. भिजवण्याचा बेत सोडून दिला आहे. पानामागे विजेरी धरली, तेव्हा कीफच्या कार्डाच्या पाठीवरील विजेत्यांची यादी आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत पुसट उमटली, आणि त्यात ॲन्सनचे नाव मला वाचता आले. आता ते पान अखंडच आम्लरहित कागदात ठेवले आहे.