मदत हवी आहे: टीमला प्रश्न विचारला की सगळे गप्प होतात

नमस्कार मंडळी, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) लाईनवर टीम लीडर आहे. टोयोटात ताइची ओनोंनी रुजवलेली पाच वेळा 'का' विचारायची पद्धत मला मनापासून पटते, म्हणजे पार्ट रिजेक्ट झाला तर कोणी केला हे सोडून बोअर (पार्टमधलं भोक) मापापेक्षा लहान का आला, झिजलेलं इन्सर्ट (कापणाऱ्या टूलचं बदलायचं पातं) तसंच का राहिलं, असं मुळापर्यंत जायचं. पण दुसऱ्या 'का'लाच ऑपरेटर मान खाली घालून "चुकलं साहेब" म्हणतो आणि खरं कारण तिथंच राहतं. दोष त्यांचा नाही, आजवर प्रश्न म्हणजे चौकशीच बघितलीय त्यांनी. मशीनपाशी "तुम्हाला काय वेगळं जाणवलं?" विचारलं की जरा बोलतात, मीटिंगमध्ये मॅनेजर असले की परत शांतता. शॉपफ्लोरवर टीम सांभाळलेल्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कोणत्या प्रश्नाने करता, आणि मॅनेजरसमोर लोकांना बोलतं कसं करता?