च्वानचौ बंदर नेमकं कशामुळे संपलं? गाळ की राजकारण?

नकाशावेडा:
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. चीनच्या फुजियान प्रांतात तैवानच्या समोर च्वानचौ म्हणून शहर आहे (ग्वांगचौ म्हणजे जुनं कँटन, ते वेगळं, ते खूप दक्षिणेला). अरब व्यापारी याला जैतून म्हणायचे. मार्को पोलो १२९२ च्या सुमारास परतीला लागला तो इथूनच, आणि तो सांगतो की अलेक्झांड्रियाला मिरीचं एक जहाज जात असेल तर इथे शंभर येतात. पुढे इब्न बतूता आला, त्यानेही हे जगातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक म्हणून लिहिलं. आणि आज आपल्याकडे कोणालाही विचारा, शांघाय माहीत, हाँगकाँग माहीत, हे नाव कोणी ऐकलेलंच नसतं. जिथे वाचावं तिथे एका ओळीत उत्तर, नदीच्या गाळाने बंदर बुजलं. मला ते पटत नाही. आणि मुळात हे बंदर तिथेच का वाढलं हेही कोणी नीट सांगाल का?

मतलई वारा:
वाढलं का ते सांगतो. फुजियान जवळपास सगळा डोंगराळ, भातशेतीला सपाट जमीन फारच कमी, त्यामुळे तिथला माणूस समुद्राकडे वळणारच. चिन नदी आणि लोयांग नदी एकाच उपसागराला मिळतात, आत वळणावळणाच्या खाड्या, गलबतं आडोशाला ठेवायला उत्तम जागा. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून जहाजं दक्षिणेकडे जावा-सुमात्रा, पुढे आपल्या मलबारपर्यंत जायची आणि उन्हाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यावर परत. हा वारा वेळेवर यावा म्हणून सरकारी अधिकारी शहराजवळच्या च्यूरी टेकडीवर जाऊन रीतसर प्रार्थना करायचे, त्यांनी कातळावर कोरलेले लेख आजही तिथे आहेत. वाऱ्यासाठी सरकारी पूजा, यावरून कळतं की तिजोरी कशावर चालत होती.

पण नुसत्या भूगोलाने झालं नाही. १०८७ मध्ये सुंग (तेव्हाचं चिनी राजघराणं) सरकारने इथे सागरी व्यापाराची कचेरी उघडली, त्याआधी परवाना आणि जकातीसाठी जहाजांना पार ग्वांगचौला जावं लागायचं. नंतर ११२७ मध्ये उत्तर चीन हातचा गेला, दरबार दक्षिणेला हांगचौला आला, खुश्कीचे मार्ग बंद, मग समुद्रावरच्या जकातीवर सगळी भिस्त. तिथून च्वानचौचे दिवस आले.

खाडीकाठची:
गाळ एवढा हलक्यात घेऊ नका हो. आनपिंग पूल बघा, ११३८ ते ११५१ मध्ये बांधलेला, दोन किलोमीटरपेक्षा लांब, अख्खा दगडी. बांधला तेव्हा खाली समुद्राची खाडी होती, आज दोन्ही बाजूंना तळी आणि पाणथळ जागा, बाकी जमीन झालीय. याहून मोठा पुरावा काय हवा? डोंगर उतारावर शेती वाढली की माती नदीत येते आणि नदी ती मुखाशी आणून टाकते, थांबत नाही.

लोयांग पूल त्याहून जुना, १०५३ ते १०५९. त्याची गंमत म्हणजे पायाच्या दगडांवर कालवं (खडकाला चिकटणारे शिंपले) वाढवली, ती दगडांना एकमेकांत घट्ट धरून ठेवतात, आणि पुलाच्या आसपास कालवं काढायला बंदी होती. ज्याने कोणी कालवं खडकावरून सोडवून काढलीयेत त्याला ही कल्पना किती पक्की आहे ते लगेच कळेल. भरती-ओहोटीचा एवढा अभ्यास असलेली माणसं होती ती, मला फार आदर वाटतो.

जुनं गलबत:
@खाडीकाठची ताई, गाळ आला हे शंभर टक्के मान्य, पण बंदर मेलं ते माणसांमुळे, आणि त्याचा क्रम लावता येतो.

सुंग घराणं बुडताना इथला सागरी व्यापार ज्याच्या हातात होता तो पू शौगंग, मुस्लिम व्यापारी घराण्यातला, तो मंगोलांना जाऊन मिळाला. त्याने शहरातल्या सुंग राजघराण्याच्या लोकांची कत्तल केली, पण बंदर शाबूत राहिलं आणि युआन काळात (म्हणजे मंगोलांच्या राजवटीत) आणखी फुगलं, १२९२ मध्ये जाव्यावर गेलेलं आरमारही इथूनच निघालं. मग १३५७ ला पर्शियन पलटणींनी बंड केलं, ते १३६६ पर्यंत चाललं आणि शेवटी परदेशी लोकांची सरसकट कत्तल झाली. ज्यांची ओळख आणि पत हुर्मूझपासून मलबारपर्यंत चालायची तीच माणसं मेली किंवा पळाली. बंदर म्हणजे धक्का आणि पाणी एवढंच नसतं ना, उधारीवर माल देणारा माणूस गेला की जहाज कोणासाठी येणार?

त्यावर १३६८ ला मिंग घराणं आलं आणि लगेच १३७१ पासून समुद्रबंदी, खासगी माणसाने परदेशी व्यापार करायचाच नाही. १४७० च्या दशकात जकातीची कचेरीसुद्धा उचलून फूचौला नेली. आता गाळाचं उत्तर इथे आहे बघा: १५६७ मध्ये बंदी सैल झाली तेव्हा परवाना मिळाला शेजारच्या चांगचौजवळच्या युएगांगला. ते तर नदीतलं उथळ बंदर, मोठी जहाजं भरती बघून लहान होड्यांनी ओढत बाहेर काढावी लागायची, तरी फिलिपिन्समधल्या मनिलाची चांदी तिथे येऊन पडत होती. उथळ बंदर परवान्यावर चाललं. च्वानचौकडे परवानाच नव्हता.

शेवटचा घाव १६६१ चा. चंग चंगकुंग, म्हणजे कोशिंगा, हा चिंगांशी लढणारा दर्यावर्दी सेनानी, च्वानचौ भागातल्याच घराण्यातला, त्याची रसद तोडायला चिंग (मिंगनंतरचं घराणं) सरकारने किनाऱ्यावरची गावंच्या गावं उठवून लोकांना आत हाकललं. पुढे व्यापार जवळच्याच शियामेन बंदराला गेला, तिथे खोल पाणी होतं, आणि १८४२ च्या नानकिंग तहात पाच बंदरं उघडली त्यात शियामेन होतं, च्वानचौ नव्हतं.

नकाशावेडा:
युएगांगचा मुद्दा जबरदस्त, मला हेच हवं होतं. आणखी एक, तिथे हिंदू देऊळ होतं असं ऐकलंय, खरंय का?

जुनं गलबत:
होय. तमिळ आणि चिनी अशा दोन लिप्यांतला १२८१ चा शिलालेख मिळालाय, शिवाच्या देवळाचा. देऊळ उरलं नाही पण त्याचे दगड शहरभर विखुरले. कायुआन या बौद्ध मंदिरात मुख्य सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन खांब आहेत त्यावर चक्क नरसिंह आणि कृष्णाच्या कथा कोरल्यात, दुरुस्तीच्या वेळी जुने दगड घेऊन बसवले. शहरातली मशीद १००९ ची, आणि थोड्या अंतरावर चाओआन इथे मानी धर्माचा संस्थापक मानी या संदेष्ट्याची १३३९ ची मूर्ती आहे. तो धर्म जगातून जवळजवळ पुसला गेला, मूर्ती मात्र अजून जागेवर आहे. कित्येक मुस्लिम आणि ख्रिस्ती थडग्यांचे दगड तर शहराच्या तटात चिणलेले होते, विसाव्या शतकात तट पाडले तेव्हा बाहेर आले. ते दगड बघताना १३६६ ची कत्तल विसरता येत नाही.

मतलई वारा:
जाणार असाल तर १९७४ ला होउचू धक्क्याजवळच्या चिखलात सापडलेलं सुंग काळातलं जहाज चुकवू नका. तेरा कप्प्यांचं, एका कप्प्याला भोक पडलं तरी बाकी जहाज तरंगतं, आणि आत मिरी, सुगंधी लाकूड वगैरे माल तसाच होता. २०२१ मध्ये युनेस्कोने शहरातली आणि आसपासची २२ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. शियामेनहून वेगवान रेल्वेने साधारण अर्धा तास.

आणि शहर मेलेलं अजिबात नाही, जिल्हा धरून २०२० च्या जनगणनेत सुमारे ८८ लाख लोक. तिथला चिनजिआंग भाग म्हणजे स्पोर्ट्स शूजचं माहेरघर, आन्टा कंपनी तिथलीच. तैवानच्या बऱ्याच घराण्यांची मुळंही याच किनाऱ्यावर, म्हणून सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना आजही बोली जवळपास एकच ऐकू येते.