यादीत 'किसना' हवाच

2023 ची आवडती गाणी सांगताना बहुतेकांनी 'महाराष्ट्र शाहीर'मधलं 'बहरला हा मधुमास' सगळ्यात वर ठेवलंय. गाणं गोडच आहे. पण त्याच चित्रपटातलं 'गाऊ नको किसना' कुणाच्याच यादीत नाही, याचं वाईट वाटलं. माझं वर्षभरातलं सगळ्यात लाडकं गाणं तेच.

जयेश खरेचा तो कोवळा, टिपेला जाणारा आवाज! वर जाताना पोरगा जपून गात नाही, मोकळा गळा लावतो. आम्ही कोल्हापूरकर जोतिबाच्या यात्रेत असे उघडे गळे लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून अजय-अतुल यांनी तो आवाज गुळगुळीत केला नाही याचं फार अप्रूप वाटतं. रात्री रंकाळ्याला फेरी मारताना हेडफोनवर ऐकून बघा. मी तर चालता चालता थांबतोच.

दुसरं, 'बाईपण भारी देवा'मधलं मंगळागौरीचं. श्रावणात आमच्या पेठेत आईच्या मैत्रिणींनी गुडघेदुखी विसरून त्यावर फेर धरला होता.

'वेड' आला 30 डिसेंबर 2022 ला, पण त्याची गाणी वाजली सगळी 2023 मध्येच. तेव्हा 'बेसुरी'सुद्धा माझ्याकडून धरा.