तळघरातलं हे कपाट नक्की काय आहे, कुणी ओळखेल का? (फॅमिली ग्रुप)

सोनू: मंडळी मदत हवीये. आमच्या डिपार्टमेंटचं तळघर रिकामं करायचं चाललंय, मागच्या खोलीत तीन वस्तू निघाल्यात आणि सध्याच्या स्टाफपैकी कुणालाच काही सांगता येत नाहीये. सोमवारी भंगारवाला येणार, त्याच्या आत काय ठेवायचं काय नाही ते कळवायचंय. अप्पा, माईमावशी, दादा, फोटो नीट मोठे करून बघा प्लीज

सोनू: १) टेबलाएवढं लोखंडी कपाट. समोर रंगीत भोकांचा मोठा बोर्ड, त्यातल्या काहींत अजून वायरी खोचलेल्या. वर गोल नॉबची रांग, प्रत्येक नॉबवर छोटे आकडे फिरतात. एक मीटर, काटा मधोमध. २) लाकडी पेटी, वर पितळेचे ठोकळे. ३) करडा रंग दिलेला वीतभर डबा, पण वजन इतकं की शिपाईमामा एकटे उचलायला गेले तर हलेचना

ताई: पहिलं टेलिफोन एक्स्चेंज आहे गं. जुन्या फोटोंत ऑपरेटर बायका अशाच वायरी खोचत बसलेल्या असतात

बंडू: मला पंचकार्डवालं (भोकं पाडलेली कार्डं वाचणारं) मशीन वाटतंय, त्यालाही मागे असाच वायरींचा बोर्ड असतो. काहीही असो भंगारात देऊ नका!! मी येतो बघायला

माईमावशी: दोन नंबर मी डोळे मिटून सांगते, पोस्ट ऑफिस बॉक्स आहे. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतलाय. म्हणजे व्हीटस्टन ब्रिजच (अनोळखी रेझिस्टन्स मोजायचं सर्किट), पेटीत बसवलेला. पितळी प्लग खोचला की आतला रेझिस्टन्स शॉर्ट होतो, काढला की सर्किटमध्ये येतो. दोन ओळींत १०, १००, १००० लिहिलेलं असेल आणि बाकीच्या ओळींत १ पासून ५००० ओहमपर्यंत, पुढे दाबायच्या दोन कळ्या. बरोबर ना?

सोनू: हो मावशी तंतोतंत! एक प्लग नाहीये फक्त

माईमावशी: तो पेटीच्या तळाशी किंवा खणात सापडेल बघ. आणि हे प्लग एका पेटीचे दुसऱ्या पेटीत घालू नका, निमुळते असतात, घासून त्या त्या भोकाला बसवलेले असतात. पूर्वी तारेच्या लाइनी तपासायला हीच पेटी घेऊन जायचे, तार कुठे तुटलीये ते रेझिस्टन्सवरून काढायचे. ही कपाटात ठेव, दिसायलाही किती देखणी आहे

अप्पा: सोनू, आधी तीन नंबरचं बोलू. तो डबा आत्ता कुठे आहे? कुणी उघडलाय का?

सोनू: नाही अप्पा, तिथेच कोपऱ्यात. झाकणाला दोन स्क्रू आहेत. शिपाईमामा म्हणत होते उघडून बघू या

अप्पा: अजिबात उघडू नका. हात लावू नका, हलवू नका, खोलीला कुलूप लावा आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतील त्यांना आजच्या आज फोन. १० सेंटीमीटरचा भरीव ठोकळा लोखंडाचा असेल तर ८ किलोच्या आत भरतो, शिशाचा असेल तर ११ च्या वर. आकाराच्या मानाने वजन असं भलतंच लागलं तर पहिली शंका शिशाचीच घ्यायची, आणि लॅबमध्ये शिशाचा डबा कुणी हौसेने करत नाही, आत काहीतरी झाकायचं असतं म्हणून करतात. फोटोत बाजूला पुसट पिवळं काहीतरी दिसतंय, किरणोत्सर्गाची तीन पाकळ्यांची खूण आहे का तेवढं लांबून बघ, जवळ जायची गरज नाही

ताई: अप्पा घाबरवू नका हो तिला

अप्पा: घाबरवत नाही, पण हे बोललंच पाहिजे. २०१० साली दिल्लीत काय झालं आठवतं का? दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातलं एक गॅमा इरॅडिएटर (वस्तूंवर गॅमा किरण सोडायचं यंत्र), १९८५ पासून वापरात नसलेलं, लिलावात भंगार म्हणून गेलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते हाताने तोडलं, एक जण गेला आणि बाकीचे किती दिवस हॉस्पिटलात होते. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलला गोयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातून मशीनचा भाग काढून नेला होता, त्यात सीझियम-१३७. रात्री निळं चमकतं म्हणून लोकांनी ती पूड घरी नेली, ४ जण दगावले आणि २४९ लोकांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सर्गी कण सापडले. यातल्या कुणाचाच काही गुन्हा नव्हता गं, वस्तू काय आहे हे सांगणारं माणूस मधून नाहीसं झालं आणि कागद वस्तूबरोबर गेला नाही एवढंच. म्हणून म्हणतो, ओळख पटेपर्यंत भंगार हा शब्दच काढायचा नाही

सोनू: सरांशी बोलले. कुलूप लावलं. खूण आहे अप्पा, तीन पाकळ्या, पिवळ्यावर जांभळट

अप्पा: शाब्बास. आता ते लोक मीटर घेऊन येतील, त्यांचं काम त्यांना करू दे. खोलीतलं बाकी सामानही तोवर हलवू नका

दादा: आता एक नंबर. सोनू काही गोष्टी बघून सांग. वायरी बोर्डाच्या खालून टेबलातून वर येतात का सुट्या आहेत? कार्ड आत जायची फट किंवा ट्रे आहे का कुठे? नॉबवरचे आकडे किती घरांचे? आणि ठळक लिहिलेली बटणं कुठली?

सोनू: वायरी सुट्या आहेत, दोन्ही टोकांना पिना. उरलेल्या ड्रॉवरमध्ये पडल्यात. फट कुठेच नाही. नॉबवर तीन घरं, फिरवला तर खूप वेळा फिरतो, ० पासून ९९९ पर्यंत जात असावा, मी एक अगदी थोडा फिरवून परत होता तिथे आणला. बटणांवर आयसी, होल्ड, ऑपरेट आणि पॉट सेट. बोर्डाच्या कडेला लाल भोकांवर +१०० आणि निळ्यांवर −१००. वर बारीक काचेच्या दिव्यांची एक ओळ आहे

दादा: मग एक्स्चेंज नाही ताई. एक्स्चेंजच्या बोर्डाला वायरी जोडीजोडीने टेबलातूनच वर येतात, खाली वजन लावलेलं असतं म्हणजे सोडली की आपोआप आत जाते. आणि बंडू, कार्ड घ्यायची जागाच नाही म्हटल्यावर पंचकार्डही बाद. हे माझ्या मते अॅनालॉग कॉम्प्युटर आहे. अप्पा?

अप्पा: शंभर टक्के. मला मधला काटा बघूनच वाटलं होतं पण बटणं वाचल्यावर प्रश्नच उरला नाही. सोनू, नवे नॉब फिरवू नकोस आणि मुख्य म्हणजे खोचलेल्या वायरी कुणालाही काढू देऊ नकोस!! कुणीतरी "जरा आवरून ठेवू" म्हणून सगळ्या ओढून ड्रॉवरमध्ये टाकेल. त्या वायरी म्हणजेच प्रोग्रॅम आहे, ते काढलं की आत काय होतं ते कायमचं गेलं

ताई: म्हणजे नक्की काय करायचं हे मशीन? कॉम्प्युटर आणि स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही

अप्पा: सांगतो. आम्ही वर्कशॉपमध्ये असल्या एका मशीनची देखभाल केलीये म्हणून जरा लांबेल. आपला कॉम्प्युटर आकडे मोजतो, हे मशीन व्होल्टेज बनवतं. समज गाडीचा स्प्रिंग आणि डॅम्पर (झोके शमवणारा) आहे, खड्ड्यातून गेल्यावर गाडी किती वेळ वरखाली होईल ते हवंय. त्याचं समीकरण लिहायचं आणि प्रत्येक राशीला एक व्होल्टेज द्यायचं, अंतराला एक, वेगाला एक. आत अॅम्प्लिफायर असतात, त्यांना कपॅसिटर जोडला की ते आलेल्या व्होल्टेजची वेळेनुसार बेरीज करत जातात, म्हणजे इंटिग्रेशन. १ मेगाओहमचा रेझिस्टन्स आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की बरोबर १ सेकंदाचा हिशोब बसतो. असे दोन इंटिग्रेटर एकामागे एक लावले, उत्तर इन्व्हर्टरने उलटं करून (+ चं −) परत पहिल्याच्या तोंडाशी आणून जोडलं की ते सर्किटच त्या स्प्रिंगसारखं वागायला लागतं. आयसी (इनिशियल कंडिशन) दाबलं की सगळं सुरुवातीच्या स्थितीला, ऑपरेट दाबलं की समीकरण धावायला लागतं, होल्ड दाबलं की होतं तिथे थांबतं आणि मीटरवर वाचून घ्यायचं. नॉब म्हणजे पॉट (पोटेंशिओमीटर, व्होल्टेजचा हवा तेवढा भाग पुढे देणारा), त्यावर समीकरणातले सहगुणक लावतात, ०.४०० हवं तर ४००. पॉट सेट दाबून काटा बरोबर मध्यावर आणला की तो पॉट अचूक लागला, म्हणून काटा मधोमध. दिव्यांची ओळ ओव्हरलोडची, कुठला अॅम्प्लिफायर १०० व्होल्टच्या पुढे गेला की त्याचा दिवा पेटतो आणि मग सगळं स्केलिंग (राशी व्होल्टच्या मर्यादेत बसवणं) परत करायला बसायचं. १०० व्होल्टचं आहे म्हणजे बहुतेक व्हॉल्व्हवालं (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचं) असणार, ट्रान्झिस्टरवाली मशीन्स पुढे १० व्होल्टवर आली. १९५० आणि ६० च्या दशकात विमानं, नियंत्रण यंत्रणा, केमिकल प्लांट सगळ्याचे अंदाज यावर काढायचे. दादा, तुम्ही ७४१ या अॅम्प्लिफायर चिपवर जी इंटिग्रेटरची प्रॅक्टिकल करता ना ती याच घराण्यातली, ७४१ तर १९६८ चा

दादा: हो की. सोनू त्या खोचलेल्या वायरी एकेक करून लिहून काढ ना, कुठल्या भोकातून कुठल्या भोकात, आणि ज्या पॉटना वायर आहे त्यांचे आकडे. तूच फिरवलेला त्यातला नव्हता ना?

सोनू: नाही, तो कडेचा होता, त्याला वायर नाही. लिहिते, वेळ लागेल

सोनू: झालं. इंटिग्रेटर १ मधून इंटिग्रेटर २. दोनमधून इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमधून पॉट १, तिथून परत इंटिग्रेटर १. इंटिग्रेटर १ मधून पॉट २, तेही परत इंटिग्रेटर १ ला. आणि −१०० मधून पॉट ३, तिथून इंटिग्रेटर २ च्या आयसी लिहिलेल्या भोकात. पॉट १ वर ४००, पॉट २ वर १००, पॉट ३ वर ५००

दादा: वा!!! अप्पांनी सांगितलेलंच निघालं. स्प्रिंग आणि डॅम्पर. स्प्रिंगचा सहगुणक ०.४, डॅम्पिंग ०.१, आणि सुरुवातीला अंतर ५० व्होल्ट. इंटिग्रेटर चिन्ह उलटं करतो म्हणून +५० हवे तर −१०० कडून घ्यावं लागतं, ज्याने लावलंय त्याने ते बरोबर लावलंय बघा. ०.४ चं वर्गमूळ साधारण ०.६३, म्हणजे एक झोका पुरा व्हायला जवळजवळ १० सेकंद आणि दर १४ सेकंदांनी झोका निम्मा. काट्याकडे बघत बसलं तर डोळ्यांना सहज दिसेल असा वेग ठेवलाय, मला वाटतं मुलांना दाखवायलाच लावलं असणार

माईमावशी: किती छान रे. कुठल्यातरी शिक्षकाने तास घ्यायला लावून ठेवलं आणि ते तसंच राहिलं. मला तर हे वर आणून परत मुलांसमोर चालवावं असं वाटतंय, फळ्यावरचं समीकरण डोळ्यांसमोर हलताना दिसलं की मुलांना जे कळतं ते सांगून नाही कळत

बंडू: मग लावू या ना प्लग आणि बघू या!

अप्पा: बंडू, नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनला थेट २३० व्होल्ट द्यायचे नसतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर वापर नसला की खराब होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की करंट गळतो, तापतो आणि फुटतो. पॉवर सप्लाय आधी वेगळा काढून तपासायचा, मग डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र) लावून हळूहळू चढवायचं, करंटवर नजर ठेवून. वायरींचं रबर तडकलेलं असेल. आणि जुन्या डबाबंद कपॅसिटरमधून तेल ओघळलं असेल तर उघड्या हाताने पुसायचं नाही, त्या काळी त्यात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विषारी रसायन) असायचं, अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली ती उगाच नाही. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये आत ३०० व्होल्टही असतात. माहितगार माणूस उभा असल्याशिवाय प्लगला हात नको

सोनू: अप्पा, सर विचारतायत की साल कसं काढायचं? कंपनीची पट्टी निघून गेलीये, फक्त दोन स्क्रूची भोकं राहिलीत

अप्पा: कपाटाच्या बाजूला किंवा पाठीला रंगाने लिहिलेला डेडस्टॉक नंबर (कायम सामानाच्या नोंदीचा) असेल, तो घेऊन जुनी डेडस्टॉक रजिस्टरं काढा. खरेदीची तारीख, कुणाकडून, किती किंमत, सगळं त्यात असतं. ते नाही मिळालं तर आतल्या पार्टवरच्या तारखा. बऱ्याच पार्टवर चार आकडी कोड असतो, ६७२३ म्हणजे १९६७ चा २३ वा आठवडा. त्यातला सगळ्यात नवा बघायचा, मशीन त्याच्या आधी बनलेलं असू शकत नाही. पण एखादाच पार्ट बाकीच्यांपेक्षा खूप नवा दिसला तर तो दुरुस्तीत बदललेला, तो धरायचा नाही. शिवाय त्या काळच्या प्रबंधांत मशीनचं नाव येतंच, लायब्ररीत बघ

दादा: आणि निवृत्त लॅब असिस्टंटना फोन करा, सरांच्या आधी त्यांना. त्यांनाच माहीत असतं काय कुठून आलं

सोनू: डेडस्टॉक नंबर मिळाला, मागे पांढऱ्या रंगात! रजिस्टर ऑफिसच्या माळ्यावर आहे म्हणे. आणि सेफ्टी ऑफिसर येऊन गेले. डब्याजवळ मीटर नेहमीच्यापेक्षा जास्त दाखवत होतं, रेडिएशन मोजायचा काउंटर कॅलिब्रेट करायचा छोटा किरणोत्सर्गी सोर्स असावा म्हणाले, उघडला नाही, सील करून त्यांच्या ताब्यात घेतला, पावती दिली. शिपाईमामांनी एकदाच हलवायचा प्रयत्न केला होता तेही लिहून घेतलं, काळजीचं कारण नाही म्हणाले

ताई: चला, हुश्श झालं बाई 🙏

अप्पा: पावतीची झेरॉक्स डिपार्टमेंटच्या फायलीत लाव. आणि सरांना सांग, कपाटाचं निर्लेखन (रजिस्टरमधून कमी करणं) झालं असेल तरी ते थांबवता येतं, विभागप्रमुखांचं एक पत्र जावं लागतं, पण ते सोमवारच्या आत गेलं पाहिजे. मजकूर मी लिहून देतो

सोनू: सर हो म्हणालेत अप्पा. पत्र आज रात्री पाठवा, उद्या सकाळी सही घेते. तोवर बोर्डावर जाड प्लास्टिक टाकून वर कागद चिकटवलाय, "वायरी काढू नयेत"

बंडू: मी शनिवारी येऊ का? फोटो काढायला, हात नाही लावणार

सोनू: ये, पण आधी नाव दे, गेटवर सांगावं लागतं. माझी पट्टी आण, प्रत्येक फोटोत माप दिसलं पाहिजे म्हणून अप्पांनी सांगितलंय. पाठीमागची बाजू आधी काढू, तिकडे उजेड कमी आहे