मदत हवी आहे: टेन्शनर आवळला की कॅमची खूण सरकते (टायमिंग बेल्ट)

संकेश्वरचा_दादू
नमस्कार मंडळी. टायमिंग बेल्ट, म्हणजे खालच्या क्रँकच्या पुलीवरून वरची कॅमची (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याची) पुली फिरवणारा दातेरी पट्टा, घरीच बदलायला काढलाय. दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवतो, बेल्ट चढवतो, खरं टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा) बोल्ट आवळून इंजिन जरा फिरवलं की वरची खूण दातभर सरकते. परत काढतो, परत तेच. कुणी केलंय का हे काम? लवकर सांगा. मंगळवारी पोरीला परीक्षेला कोल्हापूरला सोडायचंय, गाडी अंगणात उघडी पडलीय आणि आभाळ भरून आलंय.

निपाणीकर
गाडी कुठली?

संकेश्वरचा_दादू
सँट्रो.

निपाणीकर
जुनी का झिंग? साल? पेट्रोल का गॅस किट? बेल्ट तुटला होता का मुदत झाली म्हणून बदलताय? आणि इंजिन "जरा फिरवलं" म्हणजे पान्यानं का सेल्फ मारून?

संकेश्वरचा_दादू
झिंग, २००६ची. पेट्रोल. तुटला नव्हता, पाठीवर बारीक चिरा पडल्या होत्या म्हणून काढला. ह्या सगळ्याचा खुणेशी काय संबंध? प्रश्न सरळ आहे की.

निपाणीकर
संबंध कसा नाही? ह्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्वला जाऊन भिडतो आणि व्हॉल्व वाकतात. तसं झालं असतं तर खुणा जुळवून काही हाती लागलं नसतं, हेडच उतरावं लागलं असतं. सेल्फचं अजून सांगितलं नाही तुम्ही.

काकती_फाटा
बेल्ट चिरचिर करत असेल तर आतल्या बाजूनं कोरडा साबण फिरवा. आमच्या ओम्नीला वर्षानुवर्षं तेच करतोय.

निपाणीकर
काका, तो फॅन बेल्ट. हा टायमिंग बेल्ट, ह्याला दात असतात. साबण, ग्रीस, तेल काही लागू द्यायचं नाही.

काकती_फाटा
बेल्ट म्हणजे बेल्टच की ओ. असो, आम्ही जुनी माणसं.

संकेश्वरचा_दादू
सेल्फ मारला नाही. पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून फिरवलं. आता तरी सांगा.

उद्यमबाग_लेथ
देवा, सेल्फ मारला नाहीस ते फार बरं झालं. आता नीट वाच.

तुझी खूण टेन्शनर सरकवत नाहीये, ढिलाई सरकवतेय. बेल्टला दोन बाजू असतात. एका बाजूला टेन्शनर, दुसरी बाजू क्रँकपासून कॅमपर्यंत मोकळी. बेल्ट चढवताना त्या मोकळ्या बाजूला जरा जरी झोळ राहिला, तरी इंजिन फिरवल्यावर क्रँक आधी तो झोळ खाऊन टाकतो आणि मग कॅम ओढायला लागतो. तेवढ्यात दाताचा फरक पडला. टेन्शनर पलीकडची ढिलाई खातो, ही बाजू त्याच्या हातातच नाही.

म्हणून बेल्ट खालून, क्रँकच्या दातांवरून चढवायला सुरुवात कर. मोकळी बाजू अंगठ्यानं ताणून धरूनच कॅमच्या पुलीवर घे. दात मधे पडत असेल तर कॅमची पुली पाना लावून केसभर मागंपुढं कर, दात बसला की सोड. सगळा झोळ टेन्शनरच्या बाजूला आला पाहिजे. मग टेन्शनरचा बोल्ट ढिला करून स्प्रिंगला स्वतःचं काम करू दे. टॉमी (पहार) घालून टेन्शनर दाबत बसू नकोस. बेल्ट जास्त ताणला तर गाडी चालताना घूंऽऽ असा आवाज येतो आणि बेअरिंग जातं.

त्यानंतर क्रँक दोन पूर्ण फेरे, इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला. उलटं नाही. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून दोन. प्लग काढून ठेव, हात हलका जाईल. मधेच टक्क करून अडलं तर जोर लावू नकोस, तिथंच थांब.

भाग्यनगर_पाचवा_क्रॉस
एवढं कशाला? जुना बेल्ट काढायच्या आधी दोन्ही पुल्यांवर आणि बेल्टवर व्हाइटनरनं टिपके द्यायचे. नव्या बेल्टवर दात मोजून तेच टिपके. डोळे झाकून बसतो.

उद्यमबाग_लेथ
आणि जुनाच बेल्ट आधीच्या मेस्त्रीनं एक दात चुकीचा बसवला असला तर? ती चूक दात मोजून नव्यावर घेणार. कंपनीची खूण ती खूण.

भाग्यनगर_पाचवा_क्रॉस
जुन्या बेल्टवर गाडी चांगली चालत होती ना? मग चुकीचा कसा असेल?

उद्यमबाग_लेथ
एक दात चुकला तरी पुष्कळ गाड्या सुरू होतात. ओढत नाहीत, उभ्या गाडीत थरथरतात, पेट्रोल जास्त पितात. मालक म्हणतो गाडी म्हातारी झाली.

झिरो_मेंटेनन्स
म्हणूनच मी सांगतो, चेनवाली गाडी घ्या. माझी स्विफ्ट डिझेल आहे, १.३ लिटर. बेल्टची कटकटच नाही.

निपाणीकर
चेनही लांबते, तिचाही टेन्शनर जातो. ऑइल वेळेवर बदललं नाही तर जास्तच. आणि मंगळवारच्या आत ह्यांनी नवी गाडी घ्यायची का?

झिरो_मेंटेनन्स
मी आपला अनुभव सांगितला.

संकेश्वरचा_दादू
लेथवाल्या दादांचं करून बघतो. अजून एक. जुन्या बेल्टची एक कड तेलानं ओली आणि फुगलेली होती. नुसती पुसून काढली जागा. चालेल ना?

उद्यमबाग_लेथ
हे आता सांगतोयस? नाही चालणार. तेल आलं कुठून ते बघ. कॅमच्या पुलीमागं ओलं असेल तर कॅमचं सील (तेल अडवणारी रबरी कडी), खाली असेल तर क्रँकचं. सील तसंच ठेवलंस तर नवा बेल्टही तसाच फुगणार. रबराला तेल म्हणजे वाळवी. आता सगळं उघडं आहे तर सील बदलायला वेगळी मजुरी नाही, नंतर परत एवढाच उपद्व्याप. टेन्शनरचं बेअरिंग कानाशी धरून फिरव, खरखर आली तर तेही नवीन घाल. वॉटर पंपाच्या खाली कूलंटचे पांढुरके डाग आहेत का तेही बघ.

संकेश्वरचा_दादू
बेल्ट बदलायला बसलो होतो, तुम्ही इंजिनच खोलायला लावलंत.

चिकोडी_२३
क्रँक पुलीचा बोल्ट कसा सोडवला ते सांगा की. माझा हलत नाही. एकानं सांगितलं, पाना चासीला टेकवून ठेवायचा आणि सेल्फचा एक झटका द्यायचा.

निपाणीकर
अजिबात नको. पाना सुटला तर हात जाईल. पाचवा गिअर टाका, एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा, पान्याला लांब पाइप लावा.

चिकोडी_२३
ठीक. गाडी एमएच ०९ (कोल्हापूरचा नंबर) आहे, भावाकडून घेतली, आता इकडं कर्नाटकातच असते. नंबर बदलावा लागतो काय?

भाग्यनगर_पाचवा_क्रॉस
दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर कायद्यानं तिथला नंबर घ्यावा लागतो. आधीच्या आरटीओची एनओसी आणा, मग इथला टॅक्स.

काकती_फाटा
आमच्याकडं निम्मी गल्ली एमएच ०९ आहे. पाव्हणे कागलला, दुकान निपाणीत, शेत तिसरीकडं. गाडीनं कुठं राहायचं सांगा.

निपाणीकर
काका, त्यासाठी वेगळा धागा काढा.

संकेश्वरचा_दादू
कॅमचं सीलच गळत होतं. गडहिंग्लजहून आणून बसवलं. बेल्ट सांगितला तसा चढवला, मोकळी बाजू ताणून. खूण हलली नाही. खरं आता नवीनच घोळ. नव्या बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेघा बसवताना खुणांवर बरोबर होत्या, दोन फेरे फिरवल्यावर भलतीकडंच गेल्या! परत काढू काय?

उद्यमबाग_लेथ
हात लावू नकोस! बेल्टवरच्या रेघा फक्त बसवताना उपयोगाच्या. बेल्टच्या आणि पुलीच्या दातांची संख्या वेगळी, त्यामुळं प्रत्येक फेऱ्याला बेल्ट पुढं सरकत जातो. त्या रेघा परत जुळायला पुष्कळ फेरे लागतात. पुल्यांवरच्या खुणा कुठं आहेत ते सांग.

संकेश्वरचा_दादू
वरची आणि खालची दोन्ही जागेवर.

उद्यमबाग_लेथ
मग झालं. टेन्शनरचा बोल्ट शेवटचा आवळ, कव्हर लाव, प्लग लाव, सुरू कर. पहिला अर्धा मिनिट बॉनेट उघडं ठेवून आवाज ऐक. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिही. गाडी कमी फिरली तरी रबर वयानं कडक होतं.

संकेश्वरचा_दादू
सुरू झाली. आवाज स्वच्छ. तवंदी घाट तिसऱ्यावर चढली, पूर्वी दुसरा टाकावा लागायचा. आधीच्या मेस्त्रीला आता काय म्हणू?

भाग्यनगर_पाचवा_क्रॉस
म्हणजे जुना बेल्ट दातानं चुकीचाच होता की काय?

उद्यमबाग_लेथ
मी काय सांगत होतो मग?

चिकोडी_२३
पाइप लावला, पाना वाकला, बोल्ट तसाच आहे. बोल्टवर गरम हवा मारू काय?

काकती_फाटा
साबण लावून बघा. बोल्टला म्हणतोय.