संध्याकाळसाठी नायगाव

मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान नाही, मग संध्याकाळी वाटाड्यासोबत प्राणी बघायला कुठे जावं, असं एकाने विचारलंय. माझं मत विचाराल तर बीड जिल्ह्यातलं नायगाव मयूर अभयारण्य. मराठवाड्यातलंच गौताळा अभयारण्य मोठं आणि देखणं आहेच, पण पावसाळ्यानंतरच्या दाट झाडीत नवख्याला फारसं दिसत नाही. नायगावला मोकळा माळ आहे.

ऊन कललं की मोर झोपायच्या झाडाकडे निघतात. थेट शेंड्यावर जात नाहीत. आधी खालच्या फांदीवर झेप, मान वळवून चौफेर नजर, मग एकेक फांदी वर. लांब पिसारा सांभाळत चाललेली ही चढण निवांत बघावी. माळावर चिंकारा, म्हणजे लहान चणीचं हरीण, दिसला तर जागचे हलू नका. त्याच्या शेपटीची सततची चाळवाचाळव लांबूनही कळते.

गावातला जाणकार माणूस सोबत घ्याच. वारा कुठून येतोय, मोर कोणत्या झाडावर बसतात, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. आणि कृपा करून मोबाइलवर मोराचा आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, पावसाळ्यात विणीच्या वेळी तर मुळीच नको. झाडावर बसलेल्या पक्ष्यांवर टॉर्चही मारू नका. अंधार पडायच्या आत बाहेर निघायचं. वेळा वनखात्याच्या माणसांना आधीच विचारून घ्या.